दलदलीभोवतीची रेषा

४ फेब्रुवारी

काढली! एकदाची रेषा काढली.

गेले कित्येक दिवस नुसतं काढतेय आणि खोडतेय. टेबलभर खोडरबराचा चुरा. हल्ली सगळे थेट संगणकावर काढतात. मीही काढते, पण पहिली रेषा हातानेच. साहेब येता-जाता डोकावतात — "नकाशा काढताय की भरतकाम करताय?" करा म्हणावं चेष्टा.

जुन्या आराखड्यात त्या दलदलीवर एकच शब्द छापलाय — 'पडीक'. पालिकेची मोठी विहीर त्याच दलदलीच्या काठाला. निम्मं शहर तिचं पाणी पितं. आणि म्हणे पडीक! आता नवा आराखडा आमच्या खात्यात बनतोय. शहर वाढतंय, घरं कुठे, रस्ते कुठे, गोदामं कुठे, सगळं ठरायचंय. वाटणी झाली तेव्हा दलदल माझ्या वाट्याला आली. दुसऱ्या कुणाला नकोच होती.

रेषेच्या आत बांधकाम नाही, भराव नाही, इंधनाच्या टाक्या नाहीत. उत्तरेचा सगळा उतार आत घेतलाय. पाणी उतारावरूनच येणार! दक्षिणेची बाजू बाहेर राहिली.

दक्षिणेला दादाचा प्लॉट आहे. म्हणून इथे लिहून ठेवते — रेषा उतार बघून काढली आहे, दादाकडे बघून नाही.

५ फेब्रुवारी

दादाचा फोन. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच. मागे कुणीतरी गिअर नुसता खरडत होतं.

"आमचं काय झालं?"

"बाहेर आहे."

"क्लच दाबा, क्लच! — तुला नाही गं. बाहेर म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं."

"बहीण असावी तर अशी!"

मी काही केलेलं नाही, म्हटलं. तो हसला. 'कळलं, कळलं' असं हसला. तेव्हापासून कुसळ टोचावं तसं टोचतंय.

त्याला तरी काय बोलू? तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे हे असे. आई खाली उतरते ती फक्त दवाखान्यात जायला. तळमजल्याचं छोटं घर, पुढे बसायला ओटा — एवढंच दादाच्या डोक्यात आहे. मुरमाचे ट्रकच्या ट्रक ओतून त्याने प्लॉट उंच करून घेतलाय. पाया आखून झालाय. आईची खोली कुठली, तेसुद्धा ठरलंय.

११ फेब्रुवारी

भूजल खात्यातून बाई आल्या. खडकबाई! खरं नाव वेगळं, पण पर्समधून पाकीट काढायला गेल्या तर आधी तीन दगड निघाले. मी तरी दुसरं काय म्हणणार?

नकाशा बराच वेळ बघितला. "सुरेख काढलीय रेषा," म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि —

"पण पाण्याला दाखवलीत का?"

म्हणजे?

"वरचा उतार तुम्हाला दिसतो हो. खालचा खडक कुठे फुटलाय, कुठे कललाय, ते पाण्यालाच माहीत. दक्षिण तुम्ही अंदाजाने सोडलीय."

त्यांचं म्हणणं असं, की दक्षिणेला खड्डा खणून त्यात रंग ओतायचा. निरुपद्रवी रंग, अशाच तपासणीसाठी बनवलेला. मग विहिरीच्या पाण्यात तो उतरतो का, ते यंत्रावर बघत राहायचं. नाही उतरला तर दक्षिण सुटली. मग कुणी बोट ठेवायला नको.

मी लगेच हो म्हटलं. वाटलं, दादाचा प्लॉट बाहेर आहे हे माझ्याऐवजी पाणीच सांगेल. कुसळ निघेल.

२० फेब्रुवारी

साहेबांनी सही केली. त्याआधी पुन्हा पुन्हा विचारलं — "काही होणार नाही ना?"

खडकबाई — "डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. यंत्राला दिसला तर दिसेल."

२ मार्च

आज रंग ओतला. दादाच्या प्लॉटच्या मागच्या बाजूलाच खड्डा खणला होता. असला हिरवा, की डोळे दिपले! वरून टँकरचं पाणी सोडलं. दादा बघायला आला, शिकाऊ बाईंना गाडीसकट घेऊन. भरावावर उभा राहून म्हणाला, "हे कुठे जातंय? इथेच मुरणार."

खडकबाईंचं गणित — पोचलाच तर महिना-दीड महिना लागेल. तोवर इतका पातळ झालेला असेल की विचारू नका.

माझ्या पांढऱ्या सलवारीवर हिरवे शिंतोडे. निघत नाहीत.

३ मार्च

काही नाही. आज कुठून असणार!

५ मार्च

आई गं!

सकाळी नवरा न्हाणीघरातून ओरडला — "अगं, नळाला काय झालंय बघ!" बादली हिरवी. फिकट, सरबताच्या बाटलीसारखी हिरवी. नवरा फ्रिज दुरुस्त करतो, त्याला सगळ्या जगाचा रोग पाइपातच दिसतो. "तांबं गंजलंय कुठेतरी." मला एका नजरेत कळलं. पाचावर धारण बसली.

पुढचं सगळं धडाधडा. साहेबांचा फोन, पालिकेच्या अध्यक्षबाईंचा फोन, शेजारणींचे फोन. पालिकेची गाडी भोंगा लावून फिरतेय — 'पाणी हिरवे असले तरी निरुपद्रवी आहे.' हे ऐकून कोण पिणार? मी ऑफिसात पोचले तर फाटकाशी ही गर्दी. बाटल्या, तांबे, हंडे घेऊन माणसं. एकाने माझ्या नाकासमोर बाटली धरली — "प्या तुम्ही! प्या!"

घेतली आणि प्यायले. संपेपर्यंत. चव — पाण्याची.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, जीभ दाखवा!"

दाखवली. काय करणार! हिरवी नव्हती. लोक हसले. मग खडकबाईंनी दुसरी बाटली मागून घेतली आणि त्यांनीही घटाघटा रिकामी केली. गर्दी पांगली नाही, पण आवाज खाली आला.

आत आल्यावर बघते तर खडकबाईंचा चेहरा उजळलेला. "महिन्याची वाट तीन दिवसांत! मुरत नाहीये हो ते — धावतंय! खाली मोठी भेग आहे, सरळ विहिरीपर्यंत. म्हणून तर पातळ व्हायला वेळच मिळाला नाही!" त्यांना मिठी मारावी की त्यांचा गळा धरावा, कळेना.

६ मार्च

नळ पुन्हा स्वच्छ. साहेबांनी मला झापलं, मग खडकबाईंना झापलं, मग स्वतःच्याच सहीकडे बघत बसले.

मी एकाच गोष्टीशी येऊन थांबतेय. माझी रेषा चुकली. दक्षिण आत. दादा आत.

नवरा म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी काढू दे ना. आजारी पड आठवडाभर." तो प्रेमाने म्हणाला. दिवसभर मी त्यावर खरंच विचार केला. पण दुसऱ्याने काढली तरी ती जाणार तिथूनच. मग दादाला ती दुसऱ्याच्या तोंडून कळेल. त्यापेक्षा मीच.

९ मार्च

गेले होते दादाकडे. तीन जिने.

वहिनीने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघूनच ती बाजूला झाली. दादा टेबलाशी. आई खिडकीजवळच्या खुर्चीत. उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"नाही."

"मग अजून एकदा ओत. दुसरीकडे ओत."

"दादा, तुझ्याच नळाला आला होता रे."

"रंग आला! माझ्या घरातून काय रंग येणार आहे?"

"संडासाचं पाणी येईल. तुझ्यामागे दीडशे प्लॉट आहेत, त्यांचं येईल. पलीकडे ट्रकवाल्यांना डिझेलच्या टाक्या पुरायच्यात. एकाला हो म्हटलं की सगळ्यांना म्हणावं लागेल."

"मी सगळे नाही." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. "मी भाऊ आहे तुझा."



आईच बोलली. "कशाला भांडताय? मला कुठे खाली उतरायचंय! इथे वर हवा किती छान येते."

खिडकी बंद होती.

वहिनी खालपर्यंत सोडायला आली. फाटकाशी म्हणाली, "चहा राहिला." बस, तेवढंच.

१० मार्च

रेषा हलवली. मग बेसिनशी जाऊन रडले.

१६ मार्च

अध्यक्षबाईंनी बोलावलं. कापडाचं घाऊक दुकान चालवलेली बाई — बोलणं कात्रीसारखं. माझा नकाशा टेबलावर पसरला, वर चष्म्याची डबी ठेवली.

"नाही म्हणायला अक्कल लागत नाही, बाई. कुणीही म्हणतं. दीडशे कुटुंबांना तुम्ही म्हणताय, इथे बांधू नका. ठीक. कुठे बांधायचं?"

मी म्हटलं, ते माझ्याकडे दिलेलं काम नाही.

"आता दिलं. ते शोधून आणा, मी तुमच्या बाजूने उभी राहते. नाही आणलंत, तर ही रेषा मीच पुसते."

बाहेर येईपर्यंत रागाने कान तापले होते. घरी येईपर्यंत लक्षात आलं, बाई बरोबर बोलल्या. दलदल वाचवायची म्हणजे शहर दुसरीकडे कुठेतरी मावलं पाहिजे. मी नुसती कुंपणं घालत बसले होते!

२ एप्रिल

पायाला फोड आलेत. ऑफिस सुटलं की शहरात फिरते. पडके वाडे, बंद कारखाना, रेल्वेच्या मागची पट्टी. कुठे वाद, कुठे वारस, कुठे जागाच वीतभर. काखेत कळसा नि गावाला वळसा — आज बसची वाट बघत जिथे उभी होते, त्याच भिंतीच्या पलीकडे सापडली!

जुना ट्रक तळ. ट्रक केव्हाच हायवेकडे गेले. आत नुसतं सिमेंट, गंजके फलक, उन्हात पसरलेली कुत्री. मालक — पालिका! दवाखाना, बाजार, शाळा, सगळं चालत जाण्यासारखं. आणि जमीन आधीच सिमेंटखाली, तिथे नव्याने बिघडण्यासारखं काही नाही.

दलदलीकडचा प्लॉट द्या, इथे तेवढाच घ्या. सरळ अदलाबदल. आजच खडकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या येते. रंग आणू?"

खबरदार, म्हटलं!

११ एप्रिल

खडकबाईंचा होकार! तळाखालचं पाणी विहिरीकडे जात नाही, उलट बाजूला जातं. जुन्या तेलाने बाटलेली वरची माती मात्र आधी काढावी लागेल. काढू.

साहेबांनी नवा नकाशा उलटसुलट बघितला. "दीडशे बसतील?" बसतात. मी प्रत्येक प्लॉट आखून बघितलाय. "रस्त्यासकट?" रस्त्यासकट. "झाडं?" साहेबांनी आपण होऊन झाडं विचारली! मी उगाच त्या माणसाला खडूस म्हणत होते.

८ मे

आज जाहीर सुनावणी झाली. पालिकेचं सभागृह खच्चून भरलेलं, पंखे नावापुरते. मी साहेबांशेजारी, पहिल्या टेबलाशी. नियम असा, की लोक बोलतात आणि आम्ही ऐकायचं. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

ट्रकवाल्यांचा पुढारी बोलला, एक वकील बोलला, बरंच बोलला. मग दादा उठला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनीने नीट कॉलर बसवून पाठवलं असणार.

"ही रेषा काढणारी माझी सख्खी बहीण आहे," तो म्हणाला. सगळ्या माना माझ्याकडे. "मला वाटलं होतं, सख्खी असल्याचा काही उपयोग होईल. झाला नाही. तिच्या इमानदारीबद्दल माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच — आमची आई वरून रस्ता बघत बसते. तिला मी शब्द दिला होता. तो शब्द कुठल्या नकाशात बसतो, ते माझ्या बहिणीला विचारा."

मला कुणी विचारलं नाही.

मग मागून बेकरीवाला उठला. पोटावर पिठाचे डाग तसेच.

"त्या दिवशी माझा पाव हिरवा निघाला," तो म्हणाला. हशा. "हसा. मीही हसलो, नंतर. सगळा माल फेकून दिला. पण घरी जाऊन विचार केला. त्या दिवशी रंग होता, म्हणून दिसलं. उद्या डिझेल आलं, घाण आली — ती थोडीच हिरवी असणार? मी तसाच पाव भाजणार, तुम्ही तसाच खाणार." मग तो दादाकडे वळला. "तुमच्या आईचं खरं आहे, दादा. माझीही आई आहे. तुमची आई पिते तेच पाणी ती पिते."

दादा खाली बसला.

अध्यक्षबाईंनी ट्रक तळाचा नकाशा भिंतीवर लावायला सांगितला. लोक उठून जवळ गेले. बोटं फिरायला लागली — हा दवाखाना, ही शाळा, मग कोपऱ्यातला मला, नाही, मला! दलदलीवरून भांडायला आलेली माणसं कोपऱ्याच्या प्लॉटवरून भांडायला लागली. मला तेव्हा कळलं, जमलंय.

मग नगरसेवकांचे हात वर झाले. काही झाले नाहीत, पण पुष्कळ झाले. अध्यक्षबाईंचा सगळ्यांत शेवटी, चष्म्याच्या डबीसकट.

रेषा पास!

मी दादाला शोधलं. त्याची खुर्ची रिकामी होती.

९ मे

नवऱ्याने सुट्टी घेतली, मला घेऊन दलदलीकडे गेला. बांधावर बसलो. लव्हाळ्यात कसलीशी पिल्लं आईच्या मागे एका ओळीत. "ही तुझी पडीक जमीन?" तो म्हणाला.

आनंद झालाय. खरंच झालाय. पण फोन करून सांगावं असा जो पहिला माणूस, तोच बोलत नाही.

२७ जून

वहिनी बाजारात भेटली. भेटली म्हणजे गाठलंच तिने मला, भाजीच्या गाड्यामागे, चोरासारखं!

दादाने अदलाबदलीचे कागद केले. तळावरचा प्लॉट मिळालाय, कोपऱ्याचा नाही पण दवाखान्याच्या बाजूचा. पाया खणायला घेतलाय. आईची खोली पुढच्या बाजूला.

"आणि माझ्याबद्दल?"

"तुझं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवतो." वहिनी हसली. मग माझा हात दाबला. "पण बंद करत नाही हं. मधून मधून कमी करून ऐकतो."

१४ ऑगस्ट

खडकबाईंबरोबर दक्षिणेला फेरी. उत्तर बाजू तरारलीय — लव्हाळे, बेडूक, पाणकोंबड्या. दक्षिण मात्र भरावाखाली चेपलेली. नुसता मुरूम, ऐन पावसाळ्यातही गवताचं पातं नाही. सगळ्यांनीच टाकला होता, दादाचा ढीग सगळ्यांत उंच. खडकबाईंनी बुटाने ठोकून बघितलं. "रेषेने नवं येणं थांबलं. पण हे ओझं उतरत नाही तोवर या बाजूचं पाणी वर यायचं नाही. उतरवलं तरी येईल की नाही, सांगता येत नाही. खडकच तो."

साहेबांना विचारलं. भराव काढायला निधी नाही. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी!

३० सप्टेंबर

आईशी फोनवर बोलले. नव्या घराच्या भिंती कमरेपर्यंत आल्या, म्हणे. दादा कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, "हल्ली पहाटेच कुठेतरी जातो. कपडे मातीने भरून येतात. विचारलं तर सांगत नाही." बांधकामावर जात असेल, म्हटलं. आई म्हणाली, "असेल."

२१ ऑक्टोबर

सकाळी दादाचा फोन. स्वतःहून!

"माझा भराव काढला," तो म्हणाला. "मीच टाकला होता, मीच काढला. तुझ्या साहेबांची परवानगी घेतलीय, त्यांना म्हटलं तुला सांगू नका. काल संध्याकाळपर्यंत खाली नुसता चिखल होता. आज येऊन बघतो तर घोट्याएवढं पाणी! निवळशंख! आईला उचलून आणलंय, खुर्ची पाण्यातच ठेवलीय. ती उठायला तयार नाही. तुला बोलावतेय."

मी म्हटलं, निघालेच.

"आणि ऐक — चपला घालून येऊ नकोस."